फिजिओच्या हाताखाली

पुण्याकडून कोल्हापूरला येणारा महामार्ग पंचगंगेचा पूल गाठण्याच्या थोडा अलीकडे, सांगली फाट्याच्या आसपास, शिरोलीची औद्योगिक वसाहत पसरली आहे. आणि लोखंड वितळवून त्याला आकार देण्याचे जे काम तेथे वर्षानुवर्षे चालत आले आहे, ते काम करणाऱ्याच्या शरीरावरही आपला आकार उमटवल्यावाचून राहत नाही. मोल्डिंगवर दहा वर्षे काढलेल्या माणसाची कंबर, फेटलिंगला ग्राइंडर धरून उभ्या राहिलेल्या माणसाचे खांदे आणि मनगटे, प्रेसमध्ये बोटे सापडलेल्या माणसाचा आखडलेला पंजा, ही त्या त्या खात्याची हजेरीबुकेच होत. उसण भरली की असा माणूस प्रथम बाम चोळतो, मग गल्लीतल्या मालिशवाल्याकडे जातो, मग कोणीतरी सांगितले म्हणून शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडे, आणि असे महिना-दोन महिने गेल्यावर, खाडे पडून पगार कापला जाऊ लागला म्हणजे, नाइलाजाने फिजिओकडे. तेथे त्याला तपासतात ते फिजिओथेरपिस्ट; परंतु पुढचे पंधरा-वीस दिवस त्याच्या गुडघ्याखाली उशी सारणारा, त्याच्याकडून मोजून दहादा पाय उचलून घेणारा आणि अकराव्या खेपेस ‘आता बस्स’ म्हणणारा इसम पुष्कळदा दुसराच असतो. रुग्ण त्यालाही ‘डॉक्टर’ म्हणतो. तो डॉक्टर नसतो, आणि हे त्याने पहिल्याच दिवशी रुग्णाला सांगणे हे त्याच्या कामातील पहिले काम होय.

या इसमाला भौतिकोपचार सहाय्यक म्हणावे. हालोंडी, नागाव, मौजे वडगाव, टोप या आसपासच्या गावांतून दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींचे आईबाप ‘पोराला दवाखान्याच्या लाइनला घालायचे आहे, काय करावे?’ असे विचारीत असतात, आणि उत्तरादाखल त्यांच्या हाती कोठल्यातरी वर्गाचे रंगीत पत्रक पडते. पत्रकात फी स्पष्ट असते, पण मुलगा उद्या नेमके काय करील, कशाला हात लावील आणि कशाला लावणार नाही, याविषयी एक ओळही नसते. तेवढी उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

शिरोलीच्या आसपास वाढलेल्या मुलाला फिजिओथेरपिस्ट आणि सहाय्यक यांचे नाते समजावून देण्यास फार दूर जावे लागत नाही. फौंड्रीत पॅटर्न करणारा वेगळा आणि साचा भरणारा वेगळा. धातू थिजताना किती आकसेल आणि त्यापोटी पॅटर्नमध्ये किती सूट ठेवावी, हा हिशेब पॅटर्न करणाऱ्याचा. मोल्डरने स्वतःच्या मताने पॅटर्न तासायला घेतला तर तो कितीही कसबी असला तरी कास्टिंग रिजेक्ट होणार. पण वाळूची ओल आज कमी आहे, अमुक कोपऱ्यात साचा ढासळतो आहे, हे प्रथम कळते ते मोल्डरच्या बोटांना, आणि ते त्याने वेळेवर सांगितले नाही तर पॅटर्न कितीही अचूक असून उपयोग होत नाही. तपासणी, निदान, उपचाराची योजना आणि योजनेतील फेरफार ही चार कामे फिजिओथेरपिस्टची. ठरलेली योजना रुग्णाकडून करवून घेणे, ती करवताना डोळे उघडे ठेवणे आणि जे दिसले ते जसेच्या तसे वर कळवणे ही कामे सहाय्यकाची. सांध्याला झटका देऊन तो ‘बसवणे’, मणका ‘मोडणे’, यंत्राचा जोर आपल्या मनाने वाढवणे, रुग्णाने एक्स-रे पुढे केला की त्यावर मत देणे, यांपैकी काहीही त्याच्या अधिकारात येत नाही. या हद्दीत कमीपणा मानणाऱ्या मुलाने या वाटेला न गेलेले बरे.

आता हे काम प्रत्यक्षात कसे असते ते थोडे जवळून पाहू. पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेल्या एका वृद्ध गृहस्थांना खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवायचे आहे, एवढेच काम. पाहणाऱ्यास वाटते, दोघांनी काखेत हात घालून उचलले की झाले. जाणता सहाय्यक आधी खुर्ची आणतो, ती रुग्णाच्या धड बाजूला, म्हणजे येथे डावीकडे, खाटेशी किंचित तिरपी लावतो, दोन्ही ब्रेक ओढतो, पाय ठेवण्याच्या पट्ट्या वर करतो आणि रुग्णाच्या पायांत न घसरणारी पादत्राणे आहेत ना, हे पाहतो. मग ‘आजोबा, आता आपण उभे राहणार, मी तीन म्हटले की पुढे झुकायचे,’ असे सांगतो, कारण आपल्याला काय होणार आहे हे ज्याला ठाऊक नाही तो माणूस ऐन वेळी मागे रेलतो. रुग्णाच्या कमरेला पट्टा बांधलेला असतो आणि धरायचे ते त्या पट्ट्याला, काखेला किंवा दंडाला नव्हे. सहाय्यक आपल्या गुडघ्याने रुग्णाचा लुळा गुडघा समोरून टेकून धरतो, म्हणजे तो अचानक दुमडत नाही. स्वतःची पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत वाकतो. एक, दोन, तीन. रुग्ण उभा राहतो, क्षणभर थांबतो, धड पायावर वळतो आणि सावकाश बसतो. सगळा प्रकार मिनिटभराचा. पण या मिनिटात रुग्णाचा चेहरा पांढरा पडला का, त्याला घेरी आली का, काल त्याने स्वतःचा जितका भार उचलला होता तितका आज उचलला का, हे ज्याने पाहिले नाही त्याने निव्वळ हमाली केली.

काखेचा आणि दंडाचा उल्लेख मी मुद्दाम केला. माझ्या एका मामांना पक्षाघात झाला तेव्हा घरी व्यायाम करवण्यासाठी एक तरुण येत असे; मनाने अतिशय चांगला, वेळेचा पक्का, पण शिक्षण म्हणाल तर कोठेतरी पाहून शिकलेला. तो मामांना दररोज लुळ्या हाताला धरून उठवी. पक्षाघातानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा केवळ लोंबत असतो, आणि तशा हाताला धरून ओढले म्हणजे तो खाली निसटू लागतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तीन आठवड्यांत मामांचा खांदा असा दुखू लागला की पायाचा व्यायामही थांबला. त्या मुलावर माझा राग नाही. चार महिन्यांचे दाखले वाटून अशा मुलांना लोकांच्या घरांत सोडणाऱ्यांवर आहे.

दुसरी गोष्ट शेकाची. शेक देण्यात काय शिकायचे, असे आपल्याकडे प्रत्येक घरात मानले जाते, आणि भाजण्याचे प्रकार घडतात तेही नेमके येथेच. गरम पॅक ज्या टाकीत ठेवतात तेथे पाणी सुमारे ७० ते ७५ अंश सेल्सिअस इतके तापलेले असते. म्हणून तो पॅक टॉवेलच्या सहा-आठ पदरांतूनच अंगावर येतो, अंगाखाली दाबला जाणार नाही असा ठेवावा लागतो आणि पाच मिनिटांनी उचलून खालची त्वचा पाहावी लागते. पण त्याही आधी एक साधी परीक्षा आहे. दोन काचनळ्यांत एकीत कोमट-गरम व दुसरीत गार पाणी घ्यावे, रुग्णास डोळे मिटण्यास सांगावे, आणि दुखऱ्या जागी नळ्या आलटून पालटून टेकवीत ‘गरम की गार?’ असे विचारावे. मधुमेहाने ज्याच्या पायाची जाणीव गेली आहे, तो येथे गोंधळतो. अशा माणसाला शेक देणे म्हणजे त्याला न कळत भाजणे होय. कारण ‘चटका बसतोय’ असे सांगणारी त्याची यंत्रणाच बंद पडलेली असते. बोटे आखडलेल्या हातासाठी वितळलेल्या मेणाचा जो शेक देतात त्याचे तापमान ५२ ते ५४ अंशांच्या आसपास असते, आणि नियम तोच. काचनळ्यांना दोन मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या वेळी प्रथम गाळले जाते ते हेच.

जाणीव हरपलेल्या हातांचा विषय निघाला म्हणून सांगतो, आपल्या देशात सहाय्यक या वर्गाची खरी घडण फार मोठ्या रुग्णालयांपेक्षा कुष्ठकार्यात झाली, असे माझे मत आहे. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या, तेव्हा स्नायूचा दोर एका जागेहून दुसऱ्या जागी नेऊन जोडल्यावर त्या बोटाला नवे काम शिकवण्यासाठी आठवडेच्या आठवडे शेजारी बसणारी माणसे लागत. पुढे कुष्ठकार्यात ‘फिजिओ टेक्निशियन’ हे पद रूढ झाले. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या नावावर जाते. पण जोडलेला स्नायू कामाला लागतो तो त्याच्याशी दररोज बोलणाऱ्या माणसामुळे. फौंड्रीत चेचलेल्या आणि शिवून आणलेल्या पंज्याचीही गोष्ट तीच आहे.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडात १८९४ साली चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्यांची एक संस्था काढली आणि त्या धंद्याला शिस्त व परीक्षा लावली. आपल्याकडे पोलिओच्या साथींनंतर, १९५०च्या दशकाच्या आरंभी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले, आणि १९५५ साली हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. सहाय्यक हा स्वतंत्र, शिकलेला वर्ग असावा ही कल्पना अमेरिकेत १९६७च्या सुमारास मान्य झाली आणि तेथील पहिले विद्यार्थी १९६९ साली बाहेर पडले. तेथे हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, नंतर परीक्षा आहे, परवाना आहे.

आपल्याकडे असा स्वतंत्र परवाना असलेला वर्ग अद्याप नाही, आणि घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. पूर्ण फिजिओथेरपिस्ट व्हायचे तर बारावी विज्ञान, जीवशास्त्र आणि नंतर बी.पी.टी. ही पदवी, जी महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत प्रशिक्षणाच्या सहा महिन्यांसह साडेचार वर्षांची चालत आली आहे. ज्याची ऐपत व गुण तेवढे आहेत त्याने सरळ तीच वाट धरावी. सहाय्यक होऊन पुढे ‘बढतीने’ फिजिओथेरपिस्ट होता येते, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. ज्याला ते शक्य नाही त्याच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसायसूचीत दहावी उत्तीर्णांकरिता फिजिओथेरपी टेक्निशियन हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे; तो कोणत्या आयटीआयमध्ये चालतो हे प्रवेशाच्या वेळी पाहावे. रुग्णसेवेचे सर्वसाधारण शिक्षण देणारा जनरल ड्युटी असिस्टंटचा अभ्यासक्रमही आहे. त्यात रुग्ण उचलणे, वळवणे, स्वच्छता, नाडी-रक्तदाब ही बैठक पक्की होते, परंतु व्यायामोपचार त्यात येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आणि एक कायदा प्रत्येक पालकाने माहीत करून घ्यावा. २०२१ साली केंद्राने सहाय्यकारी व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात सहाय्यकारी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी किमान २००० तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले पदविका किंवा पदवीचे शिक्षण अपेक्षिले आहे. आणि फिजिओथेरपिस्टसारख्या आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांत विभागलेले. आता जो वर्ग शनिवार-रविवारी चार-चार तास भरतो आणि सहा महिन्यांत सोनेरी कडांचा दाखला देतो, त्याचे तास आपण बोटांवर मोजून पाहावे. सव्वीस आठवडे, आठवड्यास आठ तास, म्हणजे २०८. हा दाखला घेऊन मदतनीस म्हणून नोकरी मिळेलही, तिला कोणी हरकत घेणार नाही, पण त्यावर ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावता येणार नाही.

तेव्हा फी भरण्यापूर्वी संस्थाचालकास काही प्रश्न अदबीने पण न संकोचता विचारावे. दाखला कोण देणार, मंडळ की तुम्हीच? शिकवणारे पदवीधर भौतिकोपचारक आहेत काय, आणि राज्य परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे काय? मुलाला कोणत्या रुग्णालयात, किती तास, कोणाच्या देखरेखीखाली काम मिळणार? शरीररचनेसाठी सांगाडा आहे का? या शेवटच्या प्रश्नाला हसणारे संस्थाचालक असतात, तेथून उठावे. हाडे हातात न घेता सांधे शिकवणे म्हणजे साचा न दाखवता मोल्डिंग शिकवणे होय.

कोल्हापुरात या विद्येला एक अडचण आहे आणि एक अनुकूलताही आहे, आणि दोन्हींचे मूळ तालमीत आहे. येथे मालिश ही प्रतिष्ठेची गोष्ट. वस्तादाच्या हाताखाली तेल जिरवलेल्या अंगाला ‘व्यायाम तुम्हीच करायचा, मी फक्त मोजणार’ असे म्हणणारा पोरगेला सहाय्यक म्हणजे कामचुकार वाटतो. रुग्ण पैसे देतो ते कोणीतरी रगडावे म्हणून. पण याच मातीत जोर-बैठकांची मोजदाद रक्तात भिनलेली आहे, श्वास फुलला की पठ्ठ्याला बाजूला बसवणारी वस्तादाची नजर लोकांनी पाहिलेली आहे. म्हणून सहाय्यकाने मालिशवाल्याशी स्पर्धा न करता वस्तादाची नजर उचलावी. ‘मामा, काल आठ बैठका झाल्या, आज दहा, पण दहावीला गुडघा आत वळला’, एवढे ऐकले की शिरोलीचा कामगार ओळखतो की या पोराला कळते.

हीच नजर कागदावर उतरली पाहिजे. नोंदवहीत ‘रुग्णास बरे वाटते’ असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. ‘उजवा खांदा, पुढून वर, ९५ अंश, गेल्या सोमवारी ८०, वेदना दहापैकी सहा, तिसऱ्या फेरीनंतर मुंग्या आल्या, थांबवले, मॅडमना कळवले’ ही नोंद होय. विमा योजनेच्या रुग्णाच्या बाबतीत या नोंदीला आणखी वजन येते. १९४८च्या कायद्याने सुरू झालेल्या कामगार राज्य विमा योजनेत कामावर झालेल्या इजेमुळे तात्पुरती असमर्थता आल्यास वेतनाच्या सुमारे ९० टक्के भरपाई मिळते, आणि माणूस कामाला लायक झाला की नाही हे ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे जो तपशील जातो, त्यात सहाय्यकाने टिपलेले अंश आणि तारखा असतात. खोटी नोंद करून एखाद्यावर उपकार करण्याचा मोह होतो; कधी कारखानदाराच्या माणसाकडून ‘लवकर फिट दाखवा’ अशी गोड सूचनाही येते. दोन्हींना उत्तर एकच: मोजले तेच लिहिले.

काही खुणा मात्र अशा आहेत की ज्या दिसताच व्यायाम जागीच थांबवून फिजिओथेरपिस्टला हाक मारलीच पाहिजे, मग ते दुसऱ्या रुग्णापाशी का असेनात. शस्त्रक्रियेनंतर किंवा प्लास्टर निघाल्यानंतर पोटरी सुजून गरम व दुखरी झाली असेल तर ती मुळीच चोळू नये. आत रक्ताची गाठ असू शकते. छातीत दुखणे, अकस्मात धाप लागणे, जीभ जड होणे, याविषयी सांगावयास नको. आणि कंबरदुखीचा रुग्ण सहज बोलता बोलता ‘लघवीला त्रास होतोय, मांडीच्या आतून बधिर वाटतंय’ असे म्हणाला, तर ते त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचवण्याचे कारण आहे. रुग्ण हे वाक्य डॉक्टरांना सांगण्यास लाजतो आणि सहाय्यकाला सांगतो. म्हणून ऐकणे हेही शिक्षणातच येते. आणि ते शिरोलीत मराठीइतकेच हिंदीतही यावे लागते, कारण फर्नेसपुढे उभा असलेला कामगार बिहारचा किंवा ओडिशाचा असणे आता नित्याचे आहे.

घरी करावयाच्या व्यायामाचा कागद बहुतेक ठिकाणी छापील दिला जातो आणि घरी गेल्यावर देवापुढच्या फडताळात पडून राहतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक ठप्प झाली. अशा वेळी रुग्णापाशी उरतो तो तेवढा कागदच. तेव्हा तो त्याच्या घराला बेतलेला असावा: घरात पायऱ्या आहेत का, संडास भारतीय पद्धतीचा आहे का, झोपायला पलंग आहे की जमिनीवर अंथरूण. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. पायरी चढताना धड पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे दोन नियम रुग्णाकडून म्हणवून घ्यावेत आणि घरच्या एका माणसासमोर करून घ्यावेत.

उपचार संपला म्हणजे काम संपले, असेही समजू नये. याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी, स्वतः चाकाच्या खुर्चीवर असताना, १९८४ साली हेल्पर्स ऑफ दि हॅंडिकॅप्ड ही संस्था उभी केली. अपंग माणसाला शाळा, वसतिगृह आणि हाताला काम मिळेपर्यंत पुनर्वसन पुरे होत नाही, हे या शहराने तेथे पाहिले आहे. ज्याचा पंजा पूर्ववत होणार नाही अशा कामगाराला कोणते दुसरे खाते झेपेल, हे ठरवताना त्याच्या पकडीचा जोर महिनाभर मोजलेला सहाय्यक कारखान्याच्या अधिकाऱ्यांना उपयोगाची माहिती देऊ शकतो, अर्थात फिजिओथेरपिस्टमार्फत.

पगार आरंभी बेताचाच असतो, दिवसभर उभे राहावे लागते, आणि चुकीच्या पद्धतीने माणसे उचलली तर सहाय्यकाचीच कंबर जाते. हे मुलाला आधी सांगावे. आणि अर्ज भरण्यापूर्वी त्याला एखाद्या रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात, रीतसर परवानगी काढून, एक सकाळ नुसते बसवून आणावे. घरी आल्यावर यंत्रांविषयी बोलू लागला तर थोडे थांबा. कोण किती पावले चालला हे सांगू लागला, तर फी भरा.